साखर कुणाच्या माहेरची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत गरोदरपणातला मधुमेह आणि जनुकं यांवर आलेला लेख वाचला. लेखाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या कात्रणाचं पुढे जे झालं त्याबद्दल. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते फिरलं, आणि त्यात 'हा आजार काही अंशी आनुवंशिक असतो' ही ओळ कुणीतरी लाल रंगाने अधोरेखित केली होती. 'काही अंशी' एवढं तेवढं रेघेतून सुटलं होतं. मी ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. रक्त काढायचं, आकडा काढायचा, कागदावर लिहून द्यायचा, हे माझं काम. त्या आकड्यावरून घरात काय काय होतं ते प्रयोगशाळेच्या खिडकीतून बरंच पाहिलंय. या खेपेला ते आमच्याच घरी झालं, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझी पुतणी पुण्यात असते. अंगाने किरकोळ, पहिलंच बाळंतपण. सहाव्या महिन्यात ग्लुकोज पिऊन दोन तासांनी तपासलेली साखर १६८ आली. १४० किंवा त्याच्या वर आली की आपल्याकडे गरोदरपणातला मधुमेह धरतात. त्याच संध्याकाळी तिच्या सासूबाईंचा माझ्या वहिनीला फोन. "आमच्याकडे बाळंतपणात कुणाला असलं काही झालं नाही हो. तुमच्या ह्यांना शुगर आहे ना, तिकडूनच आलंय." माझ्या भावाला पन्नाशीत मधुमेह निघाला, ही गोष्ट खरी. पण विहीणबाई स्वतः सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेतात, तेही तितकंच खरं. त्यांची ती 'थोडीशी, टेन्शनने आलेली'. बाळंतपणात त्यांना काही झालं नाही म्हणतात, तर त्यांच्या वेळी ही तपासणी केली कुणी होती? लघवीत साखर उतरली तरच कळायचं.

आता जनुकांचं. मी शास्त्रज्ञ नाही, पण नोकरीत असताना आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतलं आणि निवृत्तीनंतर वेळ आहे म्हणून वाचत असते. टीसीएफ७एल२ नावाचं एक जनुक आहे. त्यातल्या एका छोट्याशा फरकाचा मधुमेहाशी संबंध आइसलँडच्या संशोधकांनी २००६ साली दाखवला. पुढच्याच वर्षी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या मंडळींनी तोच संबंध आपल्या भारतीय माणसांतही असल्याचं दाखवलं. स्वादुपिंडातून इन्सुलिन किती सुटतं, यात हे जनुक लक्ष घालतं. गरोदरपणातल्या मधुमेहातही त्याचं नाव येतं. पण हा धोक्याचा फरक किती जणांत असतो? प्रत्येकाला जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. आपल्याकडे अशा दर दहा प्रतींतल्या साधारण तीन धोक्याच्या निघतात. हिशोब केला तर जवळजवळ निम्म्या लोकांकडे किमान एक प्रत असणार. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांतल्या निम्म्या, आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या पुरुषांतलेही निम्मे. आणि एका प्रतीने धोका वाढतो तो दीडपटीच्याही आत. हे कुणा एका घराण्याच्या माथी मारायचं तर ते घराणं आपलं सगळ्यांचंच आहे.

दुसरं जनुक एमटीएनआर१बी. रात्री अंधार पडला की शरीरात मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक तयार होतं, त्याचा निरोप पेशीवर जो पकडतो त्या ग्राहकाचं (रिसेप्टरचं) हे जनुक. उपाशीपोटीच्या साखरेशी त्याचं नातं आहे. कोरियातल्या गरोदर स्त्रियांच्या २०१२ सालच्या अभ्यासात हे जनुक आणि सीडीकेएएल१ अशी दोन ठळकपणे पुढे आली. मग २०२४ मध्ये फिनलंडमधल्या गरोदरपणी मधुमेह झालेल्या बारा हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास छापून आला, त्यात या आजाराशी संबंध असलेल्या जनुकांतल्या १३ जागा निघाल्या. मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटली. या जागांतल्या काही नेहमीच्या मधुमेहाच्याही आहेत, पण काहींचा संबंध मुख्यतः गरोदरपणातल्याच साखरेशी दिसतो. म्हणजे बापाला साठीत झालेला मधुमेह आणि लेकीला सहाव्या महिन्यात झालेला मधुमेह यांचं मूळ दर वेळी एकच असेल असंही नाही. फोनवर निकाल देऊन मोकळं होण्याइतकं सोपं हे प्रकरण नाहीच.

आणि साखर मुळात वाढते कशाने? वारेतून, म्हणजे प्लासेंटातून, सुटणाऱ्या संप्रेरकांमुळे पाचव्या-सहाव्या महिन्यापासून आईच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी होत जातो. हे सगळ्याच गरोदर बायकांचं होतं आणि व्हायलाच हवं, बाळाला साखर पोचावी म्हणून ती निसर्गाची सोय आहे. स्वादुपिंडाला मग दुप्पट-तिप्पट इन्सुलिन काढावं लागतं. आमच्या सांगलीकडच्या माणसांना कारखान्याच्या उदाहरणाने चटकन कळतं: बॉयलर कमजोर असेल तर ते बिगरहंगामात कुणाच्या लक्षात येत नाही, ऊस यायला लागला की कळतं. जनुकांतले हे फरक बहुतेक त्या बॉयलरचे, म्हणजे स्वादुपिंडाचे. आता ही वार कुणाची? ती बाळाच्याच पेशींपासून तयार होते, म्हणजे तिच्यातली निम्मी जनुकं बाळाच्या बापाकडची. आईच्या स्वादुपिंडावर भार टाकणारी वार निम्मी सासरची असते, हे मी ग्रुपवर लिहिलं. त्यावर कुणी अंगठा दाखवला नाही.

"एवढी बारीक पोरगी, तिला कशी शुगर?" हाही प्रश्न आलाच. याचं उत्तर शोधायला आइसलँडला जायची गरज नाही. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास चालवला. आपली बाळं जन्मतः हडकुळी, सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास, पण इंग्लंडमधल्या साडेतीन किलोच्या बाळांशी तुलना केली तर मांस कमी आणि चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही, असं त्यांना दिसलं. डॉक्टरांनी स्वतःचंच उदाहरण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली फोटोसकट छापलं होतं. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तो फोटो मी पुतणीला पाठवला. तिने नवऱ्याला दाखवला. जावईबापूही सडपातळच आहेत, त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःची साखर तपासून घेतली. (ती नॉर्मल आली. बरं झालं, नाहीतर वहिनीने उलटा फोन लावला असता.)

याच अभ्यासातून २००८ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. गरोदरपणात आईचं ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फॉलिक अॅसिडची पातळी जास्त असेल, तर मूल सहा वर्षांचं होईपर्यंत त्याच्या अंगात चरबी आणि इन्सुलिनला न जुमानण्याची खोड जास्त दिसली. म्हणजे जनुक जन्मतः मिळालं तरी आईच्या ताटात काय होतं हा हिशोब वेगळाच राहतो. आनुवंशिकतेच्या नावाखाली आपण हा हिशोब टाळतो, असं मला वाटतं. माहेरला बोल लावणं फुकट असतं, ताटात रोज दूध-दही, उसळ, अंडं वाढायला पैसे आणि कष्ट पडतात.

आता माझा मुख्य मुद्दा. पुतणीला एका खासगी केंद्राने 'जनुकीय धोका अहवाल' काढून घ्यायचा सल्ला दिला. किंमत पाच आकडी. केंद्राचं नाव लिहीत नाही, असे बरेच आहेत. नमुन्यादाखल दाखवलेला अहवाल मी पाहिला. गुळगुळीत कागद, हिरव्यापासून लालपर्यंत जाणारी पट्टी आणि तिच्यावर बाण. लाल पट्टीत बाण आला तर काय करायचं, याच्या पानावर काय होतं माहीत आहे? आहार सांभाळा, चाला, साखर तपासत राहा. अहो, मग हिरव्यात आला तर काय, जिलेबी खायची? केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आपल्याकडे प्रत्येक गरोदर स्त्रीची साखर तपासायचीच असते, नावनोंदणीला एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा. जिची तपासणी होणारच आहे, जिला आकडा मिळणारच आहे, तिला तो येण्याची शक्यता विकत घ्यायला लावण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. शिवाय असे अंदाज ज्या माहितीवरून बांधतात ती बरीचशी युरोपीय वंशाच्या लोकांची असते. तासगावच्या बाईला तो बाण कितपत लागू पडणार?

जनुक धोक्याचं असलं तरी हातात काहीच उरत नाही असंही नाही. अमेरिकेत साडेतीन हजार लोकांवर झालेला मोठा प्रयोग आहे, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचा. त्यात ज्यांच्याकडे टीसीएफ७एल२ च्या दोन्ही प्रती धोक्याच्या होत्या, त्यांना नुसतं सोडून दिलं तर मधुमेह जास्त झाला. पण ज्या गटाने वजन सात टक्के उतरवलं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं वगैरे ठेवलं, त्या गटात हा फरक जवळजवळ पुसला गेला. हे २००६ सालीच छापून आलंय. विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात ते मला कुठे दिसलं नाही.

एक अपवाद मात्र सांगायला हवा, नाहीतर मीही अर्धवटच सांगितल्यासारखं होईल. काही थोड्या बायकांत ग्लुकोकायनेज नावाच्या एकाच जनुकात दोष असतो. त्यांची उपाशीपोटीची साखर जन्मापासूनच थोडी वर, शंभर ते एकशे चाळीसच्या दरम्यान असते. जेवणानंतरही ती फारशी चढत नाही. एरवी त्यांना औषधही लागत नाही. गरोदरपणात मात्र बाळाने तो दोष आईकडून उचलला की नाही यावर सगळं अवलंबून. उचलला असेल तर बाळालाही तीच साखर नेहमीची वाटते आणि ते बेताचंच वाढतं. अशा आईला इन्सुलिन देऊन साखर उतरवत बसलं तर उलट बाळाची वाढ खुंटू शकते. उचलला नसेल तर ते भराभर वाढतं. इंग्लंडमध्ये एक्सेटरच्या डॉ. हॅटर्सली यांच्या गटाने हे १९९८ मध्ये दाखवलं. इथे जनुकाची तपासणी उपचार बदलते, म्हणून तिथे ती जरूर करावी. पण ते डॉक्टरांनी आकडे पाहून ठरवायचं.

इन्सुलिनचं नाव निघालंच आहे तर तेही सांगते. पुतणीला दोन आठवडे आहार सांभाळूनही जेवणानंतरची साखर १२० च्या खाली येईना, म्हणून इन्सुलिन सुरू झालं. लगेच ग्रुपवर, "पोटातल्या बाळाला सवय लागेल." इन्सुलिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही, साखर जाते. आईची साखर वाढलेली राहिली की बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन काढायला लागतं, बाळ अंगाने वाढतं, आणि नाळ कापल्यावर आईकडची साखर थांबली तरी ते इन्सुलिन चालूच असल्याने बाळाची साखर एकदम उतरते. कोपनहेगनच्या डॉ. पेडरसन यांनी हे १९५० च्या दशकात मांडलं, आजही नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन साखर पाहतात ती याचसाठी. घाबरायचंच असेल तर न घेतलेल्या इन्सुलिनला घाबरावं.

आमच्या रुग्णालयात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची झुंबड असायची. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलीलीटर पाण्यात ढवळून द्यायचं, पाच-दहा मिनिटांत संपवायचं. पहिल्या घोटालाच तोंड वाकडं व्हायचं, त्यात लिंबू पिळलं की जरा उतरायचं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली की तपासणी बाद, उद्या परत या. 'उद्या' म्हणजे काय ते तिच्या चेहऱ्यावर वाचता यायचं: एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं, सासूची परवानगी. मग व्हरांड्यातल्या बाकावर दोन तास बसायचं. कुणी पेंगायची, कुणी पोराला भरवताना उरलेलं बिस्कीट नकळत तोंडात टाकायची, कुणी 'आत्ता आले' म्हणून बाजारात जायची ती गाडी पकडून थेट गावाला. मी दारात खुर्ची टाकून बसायचे. नवीन मुलांना मी नेहमी सांगायचे, डब्यावर 'मोनोहायड्रेट' लिहिलं असेल तर ७५ नाही, साडेब्याऐंशी ग्रॅम घ्या, त्यात पाण्याचं वजन धरलेलं असतं. रक्त राखाडी झाकणाच्या नळीत घ्या, साध्या नळीत ठेवलंत तर रक्तपेशी साखर खात बसतात आणि आकडा खोटा कमी येतो. नमुना तालुक्याला पाठवायचा असेल तर विचारूच नका. चुकीच्या नळीमुळे निसटलेली बाई कुठल्याही जनुकाच्या अहवालात सापडणार नाही. सरकारला आणि दानशूरांना पैसा घालायचा असेल तर तो राखाडी नळ्यांत, ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांत आणि त्या व्हरांड्यातल्या पंख्यात घालावा.

आणि सगळ्यात मोठं भोक आहे ते बाळंतपणानंतर. बाळ झालं, साखर उतरली, इन्सुलिन बंद झालं, की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. डिंकाचे लाडू वळायला घेतात. पण गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका न झालेलीच्या सात ते दहा पट असतो. जनुकाने दीडपट, आणि हा सात-दहा पट, तुम्हीच तुलना करा. म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोज पिऊन तपासणी करायची असते. त्या तपासणीला बायका येत नाहीत. माझ्या नोकरीत गरोदरपणी आलेल्या कित्येक चेहऱ्यांपैकी दीड महिन्याने परत दिसलेले फार थोडे. कारण सरळ आहे. तेव्हा ती माहेरी असते, बाळ रात्रभर जागवतं, आणि घरात तिची तपासणी हा कुणाचाच विषय नसतो. वर सांगितलेल्या अमेरिकन प्रयोगात अशा बायकांचाही हिशोब वेगळा केला होता. आहार-व्यायामाने किंवा मेटफॉर्मिनने त्यांचा पुढचा मधुमेह जवळजवळ निम्म्याने टळला. पण आधी ती सापडायला तर हवी.

दीड महिन्याचं झालं की बाळाला मात्र आपण न चुकता लसीला नेतो. पेंटा, पोलिओ, रोटा, सगळं त्याच दिवशी असतं. आशाताई घरी येऊन आठवण करतात, माहेरी असेल तर तिथल्या उपकेंद्रात नेतात. आईची साखर त्याच दिवशी, त्याच बाकावर बसवून तपासावी, एवढी माझी मागणी आहे. गरोदरपणी मधुमेह होता हा शिक्का आईच्या कार्डावर मारतात तसाच बाळाच्या लसीकरण कार्डावर दीड महिन्याच्या रकान्याशेजारी मारावा, म्हणजे माहेरच्या नर्सताईंनाही कळेल. तुमची पुरवणी यावर पुन्हा लिहिणार असेल तर जनुकांच्या चित्राशेजारी हीही चौकट छापा. आणखी एक: आईने रात्रीच्या जेवणानंतर काही न खाता यायचं असतं आणि पाजणाऱ्या बाईला सकाळी भूक अनावर लागते. तेव्हा लसीच्या रांगेत तिचं रक्त आधी घ्यायचं, ग्लुकोज प्यायला द्यायचं, आणि दोन तासांत बाळाची लस उरकून घ्यायची. पाणी पिऊ द्यावं, बाळाला पाजू द्यावं. दुसरं रक्त घेतलं की डबा उघडायला हरकत नाही, तो घरून आणायला आदल्या दिवशीच सांगावं.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, तासगाव (जि. सांगली)

ता. क. : नाव छापू नये ही विनंती. विहीणबाई आपलाच पेपर घेतात.